खालच्या अर्धवर्तुळात दोनशे सत्तर

गणिताच्या बाईंना मुलं त्यांच्यामागे ‘कर्कटक’ म्हणत. कंपासपेटीतली ती दोन टोकांची वस्तू, जी अंतर मोजायला असते आणि बहुतेक वेळा शेजाऱ्याला टोचायला वापरली जाते. बाईंना हे ठाऊक होतं. एकदा वर्गाबाहेर उभ्या राहून त्यांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं आणि त्यांना ते चक्क आवडलं होतं. मोफत मिळणाऱ्या त्या भूमितीच्या सॉफ्टवेअरच्या वेबसाइटवर खातं उघडायची वेळ आली तेव्हा त्यांनी आपलं नाव म्हणून तेच टाकलं.

हे सॉफ्टवेअर त्यांना सापडलं त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. फळ्यावर वर्तुळ काढायचं, ते बटाट्यासारखं व्हायचं, मग त्यात त्रिकोण काढायचा, तो वर्तुळाबाहेर जायचा, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं, “बाई, हा कोन काटकोन वाटत नाही.” वाटायचा नाहीच. पडद्यावरचं वर्तुळ मात्र वर्तुळ असायचं. त्यावरचा बिंदू बोटाने धरून ओढता यायचा, आणि तो फिरताना मुलांचे डोळेही फिरायचे. बाईंनी सुट्टीच्या दिवशी बसून एकेक आकृती बनवायला सुरुवात केली. बनवली की वेबसाइटवर टाकायची. ‘इतरांना ही आकृती वापरू द्यावी का, बदलू द्यावी का’ असा प्रश्न यायचा, त्यावर त्या दरवेळी ‘हो’ म्हणायच्या. आपणही इतरांच्या आकृत्या उचलतोच की.

त्यांची लाडकी आकृती म्हणजे गेल्या वर्षी बनवलेला अर्धवर्तुळातला कोन. जांभळं वर्तुळ, आडवा पिवळा व्यास, आणि वर्तुळावर फिरणारा एक बिंदू. त्याला त्यांनी नाव दिलं होतं ‘फ’. फिरतो म्हणून फ. फ कुठेही न्या, व्यासाच्या दोन्ही टोकांशी त्याचा कोन नव्वदच.

पहिल्याच दिवशी वर्गातल्या एका मुलीने तो फ ओढत ओढत व्यासाच्या खाली नेला आणि पडद्यावर नव्वदच्या जागी दोनशे सत्तर आलं. वर्ग हसला. बाईंनी कपाळावर हात मारला. सॉफ्टवेअर कोन एकाच दिशेने मोजत होतं, त्यामुळे बिंदू खाली गेला की ते आतल्या कोनाऐवजी बाहेरचा, प्रविशाल कोन दाखवायचं. एका ठिकाणी एक खूण बदलायची होती. बाईंनी घरी जाऊन ती बदलली आणि विषय संपला.

संपला असं त्यांना वाटलं.

या वर्षी सगळ्या शाळांसाठी सक्तीचं प्रशिक्षण लागलं. विषय, ‘मोफत संगणकीय साधनांतून आनंददायी गणित’. मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना बोलावून सांगितलं, “तुम्ही जायचंय.”

“मॅडम, मी हे रोज वापरते. तुम्हीच तर शाळेत पाहुणे आले की माझ्या वर्गात आणता.”

“म्हणूनच. तुम्हाला सोपं जाईल.”

बाईंनी प्रशिक्षणाच्या यादीवर सही केली.

प्रशिक्षणाचा हॉल लांबट होता, पंखे होते पण ते हवेपेक्षा आवाजच जास्त करत होते. प्रशिक्षक सर तरुण, नीटनेटके, हातात लाल ठिपका टाकणारी पेनसारखी काठी. सकाळचा सगळा वेळ प्रोजेक्टर लावण्यात आणि ‘माझा आवाज मागे येतोय का’ यात गेला. मग त्यांनी पडदा उजळला आणि बाई खुर्चीत ताठ झाल्या.

जांभळं वर्तुळ. पिवळा व्यास. फ.

“ही आकृती आपण खास या प्रशिक्षणासाठी निवडलेली आहे,” सर म्हणाले. “हा फ बिंदू. फ म्हणजे फॉर्म्युला.”

बाईंच्या शेजारचे शिक्षक भक्तिभावाने लिहून घेत होते. फ म्हणजे फॉर्म्युला.

सरांनी फ फिरवला. नव्वद, नव्वद, नव्वद. मग तो व्यासाखाली गेला. दोनशे सत्तर.

ही जुनी प्रत होती. बाईंनी चूक सुधारायच्या आधी कुणीतरी उतरवून घेतलेली, आणि तेव्हापासून ती या हातातून त्या हातात फिरत इथे येऊन पोचलेली.

“सर, हे दोनशे सत्तर कसं?” पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

सरांनी लाल ठिपका फ भोवती फिरवला. “फार छान प्रश्न. वरच्या अर्धवर्तुळात कोन नव्वद असतो, आणि खालच्या अर्धवर्तुळात दोनशे सत्तर. हे पुस्तकात नसतं. हेच तर संगणकाचं वैशिष्ट्य आहे, जे पुस्तकात नसतं ते दिसतं.”

उचलली जीभ लावली टाळ्याला. बाई उभ्या राहिल्या.

“सर, त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची मिळून बेरीज एकशे ऐंशी असते. त्यातला एकच कोन दोनशे सत्तर कसा असेल?”

“मॅडम, तो वरचा त्रिकोण झाला.”

“त्रिकोणाला वर-खाली नसतं हो! ती फक्त एक खूण बदलायची आहे. ती आकृती माझी आहे, मला माहीत आहे.”

हॉलमध्ये हसू पिकलं. सरही हसले, पण समजूतदारपणे. “मॅडम, ही आकृती आपल्या सगळ्यांचीच आहे.”

“अहो, माझी म्हणजे मी बनवलेली आहे! फ म्हणजे फिरता!”

“बसा मॅडम, वेळ कमी आहे.”

बाईंनी मोबाइल काढून आपलं खातं दाखवायचा प्रयत्न केला. हॉलमध्ये नेटवर्क नव्हतं. खिडकीशी गेल्या, तिथे आलं, तर पासवर्ड विचारला. तो घरच्या संगणकाला पाठ होता, बाईंना नव्हता. त्या परत जागेवर येऊन बसल्या आणि उरलेला दिवस त्यांनी समोरच्या बाकावर बोटं वाजवत काढला.

घरी आल्यावर त्यांनी पर्स सोफ्यावर आदळली. नवरा औषधाच्या दुकानातून जेवायला आला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“पण तूच ‘हो’ म्हणालीस ना, कुणीही वापरा म्हणून?”

“वापरा म्हणाले. नासवा नाही म्हणाले.”

“नाव नाही लिहिलं त्याचा राग आलाय की चुकीचा?”

“दोन्हीचा! एका वेळी एकाच गोष्टीचा राग यायला पाहिजे असा नियम आहे का?”

नवऱ्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. पंचवीस वर्षांच्या संसारात तो एवढं नक्की शिकला होता.

पुढच्या रविवारी नणंद आली, मुलीला घेऊन. नणंद दुसऱ्या शाळेत शिकवायची. शिक्षण इतिहासाचं, पण त्या शाळेत गणिताला माणूस नव्हता म्हणून दोन वर्षं गणित तिच्या गळ्यात पडलं होतं. भाचीने वही उघडली. “मामी, हे बघ ना, मला दोनशे सत्तर कळत नाही.”

बाईंनी वही पाहिली. जांभळ्या पेनने काढलेलं वर्तुळ, खाली स्वच्छ अक्षरात नियम: ‘खालच्या अर्धवर्तुळातील कोन २७० अंशांचा असतो.’ आणि त्याखाली बरोबरची खूण.

“हे कुणी शिकवलं?”

“आईनेच. आमच्या वर्गाला आईच आहे.”

नणंद स्वयंपाकघरातून म्हणाली, “वहिनी, प्रशिक्षणात सांगितलंय. आमच्या तुकडीला तर छापून दिलंय.”

“अगं, पण तुला स्वतःला पटतंय का ते?”

“मला काय पटायचंय? मला गणितातलं काहीच पटत नाही. ऋण गुणिले ऋण धन होतं ते तरी मला कुठे पटलंय? ते सांगतात, मी शिकवते.”

नणंद खोटं बोलत नव्हती. तिला कुणी इतिहास शिकवायला दिला असता तर तिने सन चुकलेला सहन केला नसता. मग त्यांनी भाचीला कोनमापक आणायला सांगितला. भाचीने खालचा कोन मोजला. नव्वद आला.

“मग मी काय लिहू?”

“जे मोजलंस ते.”

“आणि आईने चूक दिली तर?” भाचीने आईकडे पाहिलं. नणंदेने बाईंकडे पाहिलं. “वहिनी, परीक्षेत काय येतंय ते बघू आधी,” ती म्हणाली.

आणि परीक्षेत ते आलं. सगळ्या शाळांना एकच प्रश्नपत्रिका होती, ती प्रशिक्षण केंद्रातच तयार झाली होती. योग्य पर्याय निवडा: व्यासाखालील अर्धवर्तुळात अंतर्लिखित कोनाचे माप किती? उत्तरसूचीत बरोबर पर्याय होता दोनशे सत्तर. बाईंच्या वर्गाने एकजात नव्वद लिहिलं होतं, आणि एकजात सगळ्यांचे गुण गेले होते. ज्या मुलीने पहिल्या दिवशी फ खाली ओढला होता तिचेही.

“बाई, आपण चुकलो?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग गुण?”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तशाच मुख्याध्यापिकांकडे गेल्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “एका गुणाचं काय एवढं? पुढच्या वेळी त्यांच्या पद्धतीने शिकवा.”

“त्यांच्या पद्धतीने म्हणजे चुकीचं?”

“मी चुकीचं कुठे म्हटलं? त्यांच्या पद्धतीने म्हटलं.”

बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि प्रशिक्षण केंद्र गाठलं.

केंद्रात पहिल्या टेबलावरच्या माणसाने त्यांना दुसऱ्या टेबलाकडे पाठवलं, दुसऱ्याने सांगितलं की तिसरं टेबल आज आलेलं नाही. शेवटी जिन्याखालच्या एका खोलीत प्रशिक्षक सर सापडले. खोलीत मोडक्या खुर्च्या, बंद पडलेले संगणक आणि भिंतीला टेकवून ठेवलेली चित्रं होती. जलरंगातली. एक जुना पूल, एक वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी, एक म्हातारी सुईत दोरा ओवताना. बाईंनी तोंडावर आलेली सगळी वाक्यं गिळून आधी त्या म्हातारीकडेच बघितलं.

“तुमची?”

“हो.” सर उभे राहिले होते. त्यांनी बाईंना ओळखलं होतं, आणि ती ओळख त्यांना फारशी सुखाची झालेली दिसत नव्हती. “मी चित्रकलेचा शिक्षक आहे मॅडम. होतो. चित्रकलेच्या तासिका बंद केल्या. इथल्या साहेबांनी विचारलं, संगणक येतो का? मी म्हटलं, येतो. त्यावर चित्रं काढायचो मी. म्हणाले, मग गणिताचं प्रशिक्षण तू घे.”

“आणि तुम्ही घेतलंत.”

“नाही म्हटलं असतं तर लांबच्या शाळेत बदली होती. घरी वडील अंथरुणाला खिळलेत.” त्यांनी एक चित्र भिंतीला नीट टेकवलं. “वेबसाइटवर शेकडो आकृत्या होत्या. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. मग मी सगळ्यांत सुंदर होती ती घेतली. जांभळ्यावर पिवळा. ज्याने कुणी केली त्याला रंग कळतात, एवढं मला समजलं.”

बाई भांडायला आल्या होत्या. ते रंग निवडायला त्यांनी अख्खी दुपार घालवली होती, आणि आजवर त्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नव्हतं. आता बोललं ते या माणसाने! त्यांना त्याचाही राग आला.

“रंग राहू द्या,” त्या म्हणाल्या. “कागद आहे?”

सरांनी चित्रकलेच्या वहीतला एक जाड कागद काढून दिला. बाईंनी कंपास मागितला, तो नव्हता. मग कपाची कड धरून वर्तुळ काढलं आणि कागदाची पट्टी अंदाजाने मधोमध ठेवून व्यास काढला.

“खालच्या भागात कुठेही बिंदू घ्या. टोकांना जोडा. आता सांगा, हा कोन केवढा?”

सर बराच वेळ पाहत राहिले. चित्र बघावं तसं मान तिरकी करून पाहिलं, मग दुसरीकडे तिरकी केली. मग त्यांनी कागद उचलला आणि सरळ उलटा फिरवला. खालचं वर आलं.

“अरे,” ते म्हणाले.

बाईंनी कप बाजूला सरकवला.

“कागद फिरवला की खालचं अर्धवर्तुळ वरचं होतं. मग कोन बदलेल कसा?” त्यांनी पुन्हा फिरवला, पुन्हा सरळ केला. “नव्वदच आहे. मॅडम, हे तर... मी पाचशे शिक्षकांना सांगितलंय.”

“आणि त्यांनी मुलांना.”

सर मोडक्या खुर्चीवर बसले. खुर्ची करकरली. “त्या दिवशी तुम्ही उभ्या राहिलात तेव्हाच मला वाटलं होतं की तुम्हाला माहीत आहे. पण मी थांबलो असतो तर पुढचा प्रश्न आला असता. आणि मग त्याच्या पुढचा.”

बाईंनी खुर्ची ओढली. “संगणक लावा. ती खूण कुठे बदलायची ते दाखवते. आणि ती फक्त बदलायची नाही, का बदलायची तेही ऐकायचं.”

सर ऐकत होते, आणि चांगलं ऐकत होते. प्रविशाल कोन म्हणजे काय हे त्यांना दाराच्या बिजागरीवरून एका मिनिटात कळलं. निघताना बाईंनी उत्तरसूचीचं काय ते विचारलं. सर म्हणाले, “मी साहेबांना आजच लिहून देतो. चूक माझी आहे असंच लिहितो.”

त्यांनी खरंच लिहिलं. आठवड्याने सगळ्या शाळांना आदेश आला. मुख्याध्यापिकांनी तो शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचला: सदर प्रश्नासाठी ९० आणि २७० ही दोन्ही उत्तरे ग्राह्य धरण्यात यावीत.

“झालं ना तुमचं समाधान?” मुख्याध्यापिका म्हणाल्या.

बाईंनी डोळे मिटले. मग उघडले. आदेश तिथेच होता.

“मॅडम, दोन्ही कशी बरोबर असतील?”

“अहो, आता तुमच्या मुलांना गुण मिळाले ना! आता काय साहेबांना भूमिती शिकवायला जाणार का?”

जायची तयारी होती बाईंची. पण चौकशी केल्यावर कळलं की साहेबांची कालच बदली झाली होती आणि नवे साहेब अजून यायचे होते.

वर्गात त्या मुलीने विचारलं, “बाई, म्हणजे त्यांचंही बरोबर?”

“परीक्षेत बरोबर. वर्तुळात नाही.”

मुलीला ते पटलं की नाही कळलं नाही, पण तिने कोनमापक काढून पुन्हा एकदा मोजलं. बाईंनी तिला मोजू दिलं.

पुढच्या प्रशिक्षणाला सरांनी बाईंना बोलावून घेतलं. शाळेत बदली शिक्षक मिळाला नाही, म्हणून त्या दिवसाचे तास बाईंना नंतर शनिवारी घ्यावे लागणार होते. हे मुख्याध्यापिकांनी ‘तुमचा केवढा सन्मान’ म्हणत सांगितलं. हॉल तोच, पंखे तेच. सर उभे राहिले आणि म्हणाले, “मी चित्रकलेचा मास्तर. मागच्या वेळी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. ही आकृती या बाईंची आहे. बटणं मी दाबतो, भूमिती त्या सांगतील.”

मग हात वर झाला तो नणंदेचा. ती या तुकडीत मुद्दाम नाव घालून आली होती.

“वहिनी... म्हणजे मॅडम,” ती म्हणाली, “आधी ते ऋण गुणिले ऋण सांगता का?”

हॉल हसला, पण मग चारपाच जणांनी पाठोपाठ म्हटलं, हो, तेच सांगा. बाईंनी अर्धवर्तुळ बाजूला ठेवलं आणि संख्यारेषा काढली. ठरलेल्या विषयांतला एकही विषय त्या दिवशी पुरा झाला नाही. चहा दोनदा येऊन गेला आणि प्रश्न काही थांबले नाहीत. घरी येईपर्यंत बाईंचा घसा बसला होता आणि त्या कुणाशीही नीट बोलायच्या मनःस्थितीत नव्हत्या.

“कसं झालं?” नवऱ्याने विचारलं.

“बरं झालं,” बाई चिडून म्हणाल्या.

त्या रविवारी त्यांनी वेबसाइट उघडली. ‘इतरांना बदलू द्यावे का’ या प्रश्नावरचा ‘हो’ त्यांनी बराच वेळ पाहिला. मग तो तसाच ठेवून प्रत्येक आकृतीखाली एक ओळ घातली: काही चुकलेलं दिसलं तर कळवा. लगेच कळवा.

महिन्याभरात पहिला निरोप आला. कुठल्या गावचा, कुठल्या शाळेचा, काही पत्ता नाही. ‘तुमच्या समांतरभुज चौकोनाच्या आकृतीत स्लायडर शून्यावर नेला की चौकोन नाहीसा होतो, पण क्षेत्रफळ बाराच दाखवते. माझ्या मुलांनी पकडलं. हे बरोबर आहे का?’

“आता हा कोण शहाणा!” बाई म्हणाल्या. गेली किती वर्षं ती आकृती त्या वर्गात वापरत होत्या. त्यांनी ती उघडली आणि उंची कमी-जास्त करणारा स्लायडर शून्यावर ओढला. चौकोन नाहीसा झाला. क्षेत्रफळ बारा.

“जेवायला येतेस ना?” नवरा आतून म्हणाला. “वाढलंय.”

“तू बस,” बाई म्हणाल्या, आणि चष्मा पुसून त्यांनी खुर्ची पुढे ओढली.